मऊसं काहीतरी

हशा बरोबर ठरलेल्या जागी आला आणि मला शिसारी आली. दरवर्षी तो तिथेच येतो. वाक्य वाचायचं, पुस्तकावरून नजर उचलायची, चष्मा जरासा खाली ओढायचा आणि थांबायचं. मागच्या बाकांवरून सुरू होऊन तो आपसूक पुढे येतो. इतकी वर्षं ही कादंबरी शिकवते आहे, माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला जातात, पण या जागेनं मला कधी दगा दिला नाही. स्टाफरूममध्ये मी फुशारकी मारायचे, की अख्ख्या अभ्यासक्रमात मुलांना न समजावता हसवणारं हे एकच पान आहे. आजही वाक्य वाचलं, नजर उचलली, सवयीनं थांबले, आणि हशा आला तेव्हा माझ्या हातांना सकाळची गाठ आठवली. अंगठ्यानं कापड दाबून धरून दुसऱ्या बोटानं टोक आत सारताना पेरांना जे जाणवलं होतं ते जसंच्या तसं परत आलं. पुस्तक धरवेना, म्हणून मी ते टेबलावर ठेवलं.

कादंबरी तशी साधी. लिहिणारा एक नंबरचा खवट इंग्रज, कोणाला म्हणून सोडत नाही. एका बड्या शहरातले काही सद्गृहस्थ मंडळ काढतात आणि जंगलातून पकडून आणलेल्या एका माणसाला माणसात आणायचं ठरवतात. एका मेजवानीत हा माणूस काटा-चमचा भिरकावून देतो आणि शेजारच्या पाहुण्याच्या ताटात हात घालतो, तेव्हा त्याचे हात खुर्चीला बांधायचं ठरतं. ते ठरायला एक ओळही लागत नाही. वाद पुढे आहे, चांगला पानंच्या पानं: बांधायचे कशानं? दोर नको, दोर म्हणजे रानटीपणा. चामड्याचा पट्टा नको, तो कुत्र्याला. शेवटी अध्यक्षांची बायको उठते, आतून रेशमाची फीत घेऊन येते, सगळ्यांना हायसं वाटतं, ठरावाला अनुमोदन मिळतं आणि कोणीतरी तिच्या हळव्या मनाचं कौतुकही करतं. तिथे हशा. मग मी म्हणते, "बघा, बांधायचं की नाही हे कोणी विचारलंच नाही." फळ्यावर दोन रकाने आखते, एकीकडे संस्कृती, एकीकडे रानटीपणा. फीत कुठल्या रकान्यात घालायची यावर मुलं भांडतात, तास संपतो आणि मी चहा प्यायला जाते. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं.

सकाळी मी कपाटासमोर उभी होते. मावशींचा फोन येऊन गेला होता. दिवसा बाबांजवळ त्या असतात. त्या आल्या की मी निघते, मी आले की त्या निघतात. "ताई, आज मला तासभर उशीर होईल, सुनेला डॉक्टरकडे न्यायचंय, घरात दुसरं कोणी नाही हो." मी म्हटलं, "अहो मावशी, आजच?" त्या म्हणाल्या, "मग काय मुहूर्त काढून आजारी पडायचं का तिनं?" बरोबरच होतं त्यांचं. पण माझेही तास बुडाले होते, आणि प्राचार्य गोड आवाजात बोलून चुकले होते, "मॅडम, वडिलांचं आम्हाला समजतं, पण परीक्षा तोंडावर आलीय. आता मात्र नको." त्यांच्या गोड आवाजाची मला भीती वाटते. म्हणजे तासभर बाबा एकटे राहणार. आणि बाबांना एकटं ठेवता येत नाही, ते नळीमुळे. त्यांना लघवीची नळी बसवलेली आहे. मागे एकदा मी दूध तापवायला गेले तेवढ्यात त्यांनी ती ओढून काढली होती. नळी जागेवर धरून ठेवणारा आतला फुगा फुगलेला, तसाच. चादर, गादी, त्यांचे हात, सगळं रक्तानं भरलं होतं, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले होते, "ही रिबन कोणी अडकवली?" डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, पुन्हा असं झालं तर या वयात निभावणं कठीण आहे. तेव्हापासून त्यांच्या उशाशी सतत कोणीतरी असतं आणि हात तिकडे वळला की हळूच बाजूला करतं. मी असले की रात्रभर त्यांचा एक हात धरून झोपते. झोपते कसली, पडते.

तर कपाटासमोर. आधी बाल्कनीतली दोरी हातात घेतली होती, कपडे वाळत घालायची, नायलॉनची. काचेल म्हणून ठेवली. मग खुंटीवरचा बाबांचा जुना पट्टा काढला, तो हातात धरूनच कसंतरी झालं, परत लटकवला. मऊसं काहीतरी हवं, असं म्हणत मी साड्या, चादरी, टॉवेल उपसत राहिले. शेवटी एक सुळसुळीत ओढणी मिळाली, कोणीतरी दिलेली, कधीच न वापरलेली. गालाला लावून पाहिली. बरं वाटलं मला. सांगायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं, आपण किती काळजीनं करतोय सगळं. मधोमध कापून दोन पट्ट्या केल्या, एकेका मनगटाला गुंडाळून खाटेच्या दांडीला बांधल्या आणि बोट घालून पाहिलं, घट्ट तर नाही ना. आणि आता वर्गात, त्या हशात उभं राहून मला दिसत होतं, की कपाटासमोर मी एकटीच अख्खं मंडळ होते. सूचना माझी, अनुमोदन माझं आणि आतून फीत आणणारी ती हळवी बाईही मीच. बांधायचं की नाही, हे मी स्वतःला विचारलं होतं का? मी आठवून पाहिलं. अगदी खरं खरं आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं.

"हसण्यासारखं काय आहे त्यात?" मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण हशा तिथल्या तिथे तुटला. मग मागून कोणीतरी हळूच बोललं, "मॅडम, तुम्हीच थांबलात ना." थांबले होते खरी. पहिल्या बाकावर एक चष्मेवाली बसते, सगळं उतरवून घेणारी, मी खोकले तरी लिहून घेईल अशी. तिनं हात वर केला. "मॅडम, पण मग त्यांनी करायचं काय होतं? तो लोकांच्या ताटात हात घालत होता. मोकळं सोडलं असतं तर कोणाला तरी लागलं असतं ना?" माझ्याकडे या कादंबरीवरच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, पाठ असतं म्हणा ना. हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नव्हता. मी म्हटलं, "तू काय केलं असतंस?" ती विचारात पडली, पेन ओठावर टेकवून. "मी पण बांधलंच असतं बहुतेक. पण फिती-बिती शोधत नसते बसले. बांधायचंय तर बांधा की सरळ." वर्ग पुन्हा हसला, या वेळी तिला, आणि ती लाजून खाली बसली. सवयीनं फळ्यावर मी दोन रकाने आखले, वर शब्दसुद्धा लिहिले. त्याखाली काय लिहायचं ते मला सुचेना. खडू ठेवला आणि म्हटलं, "आज इतकंच." तास अर्धासुद्धा झाला नव्हता.

जिन्यात मावशींना फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पोचल्या नसतील. किंवा पोचल्या असतील आणि उचलता येत नसेल असं काही झालं असेल. बसस्टॉपवर उभी राहून मी पुन्हा पुन्हा लावत होते आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता. मला दादाचा राग येत होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात असतो, फोनवरून सल्ले देतो. त्यानंच ते केंद्र शोधून काढलं होतं, म्हाताऱ्यांना सांभाळणारं. "एकदा बघून तरी ये. हट्टाला पेटू नकोस." बघून आले होते. स्वच्छ, फिनेलचा वास, भिंतीवर फुलांची चित्रं. एका लांब खोलीत ओळीनं खाटा आणि बऱ्याच खाटांवर मनगटांना रुंद पट्टे, आत गादीसारखं मऊ अस्तर. तिथली व्यवस्थापिका हसून म्हणाली, "आम्ही त्याला बांधणं म्हणत नाही, मॅडम. सुरक्षित करणं म्हणतो." त्या खाटांवरच्या एका बाईनं माझ्याकडे बघून बोट हलवलं, बोलावल्यासारखं. माझं डोकंच सणकलं. मी तिथेच त्या व्यवस्थापिकेला म्हटलं, "रानटी आहात तुम्ही!" इतक्या मोठ्यानं, की दारातल्या पहारेकऱ्यानं आत डोकावून पाहिलं. घरी येऊन दादाला सांगितलं, "माझ्या घरात माणसाला बांधणार नाही. संपला विषय." तो म्हणाला, "बघ बाई, तुझ्यानं होतंय का." झालं होतं की माझ्यानं. आज सकाळपर्यंत होत होतं. आता दादाला कळलं तर तो काहीच बोलणार नाही, नुसता हं म्हणेल, आणि त्या आठवड्यातच बाबा त्या लांब खोलीत असतील. मग मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

बस आली. खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर दुकानं उघडत होती, पोरंसोरं दप्तरं ओढत चालली होती, आणि मला मात्र बाबांची बोटं दिसत होती. बाबा टायपिंगचा क्लास चालवायचे. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून यंत्रं, आणि मधून बाबा फिरायचे, हातात लाकडी पट्टी. पट्टी मारायला नसायची, नुसती दाखवायला. "बोटं घरी," असं म्हणायचे. मधल्या ओळीच्या कळा म्हणजे बोटांचं घर, कुठेही गेली तरी तिथे परत यायला हवीत. नवीन पोरं कळांकडे बघून मारायला लागली, की बाबा त्यांच्या हातांवर मोठा रुमाल टाकायचे. "हातांना कळतं. तू मध्ये नाक खुपसू नकोस." शाळा सुटली की मी तिथेच बसून अभ्यास करायचे, त्या खडखडाटात. पाय हलवला की बाबा मागून यायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "माणसासारखं बस." जेवताना आवाज झाला, माणसासारखं जेव. कोणावर ओरडले, माणसासारखं बोल. आई वैतागून म्हणायची, "अहो, माणसाचंच पोर आहे ते." बाबा म्हणायचे, "पोर जन्मतं. माणूस करावा लागतो." ते खरंच तसे होते. उभ्या जन्मात मी त्यांच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती. घरात एकटे असले तरी सदऱ्याचं वरचं बटण लावून बसायचे. आता ते बटण चावतात. मावशींना अशा शिव्या घालतात की मावशी कौतुकानं मला सांगतात, "ही तर मला पण नवीन होती, ताई." आणि बोटं मात्र चालू असतात. चादरीवर, माझ्या तळहातावर, दांडीवर. सकाळी दारातून वळून पाहिलं तेव्हाही मनगट बांधलेलं आणि बोटं चालू होती. काय लिहीत असतील, असा विचार मी पूर्वी करायचे. पुढे सोडून दिला.

मी मनाशी पक्कं केलं. घरी जायचं, सोडायचं, दादाला काही सांगायचं नाही. बिनपगारी रजा टाकायची, प्राचार्यांना जेवढं गोड बोलायचं तेवढं बोलू द्यायचं. मीच बसेन उशाशी, दिवस-रात्र. त्यांनी मला माणूस केलं आणि मी त्यांना जनावरासारखं खाटेला बांधून तासाला गेले, आणि तेही संस्कृती शिकवायला. शिव्या देत होते मी स्वतःला, हल्ली बाबांच्या तोंडून ऐकलेल्या. पण एकीकडे हेही माहीत होतं, की मी आता रजा टाकली तरी कितीक दिवस टाकणार, आणि मला झोप तर लागणारच ना कधी तरी. बसमधल्या बसमध्ये मला डुलकी लागली होती. कंडक्टरनं हलवून उठवलं.

दार मावशींनी उघडलं. हातात ताट, रिकामं. "आलात पण? लवकर सुटलं?"

"फोन का नाही उचलला?"

"अहो, भरवत होते आजोबांना. खरकटे हात." मग आवाज खाली आणून, शाबासकी दिल्यासारखं म्हणाल्या, "बरं केलंत हो, ताई. मी कधीची म्हणणार होते. पण तुम्ही त्या केंद्रवाल्यांना बोलून आलेल्या, मी कशाला तोंड उघडू?"

"तुम्ही सोडलं का नाही आल्यावर?"

"कशाला सोडायचं? आज हात मारला नाही, थुंकले नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताट पुसून जेवले. शहाण्यासारखे." त्यांनी ताट तिरकं करून दाखवलं.

बाबा वर तोंड करून पडले होते. ओढणीची गाठ मी सैल ठेवली होती, बोट घालून पाहिलं होतं. पण हात हिसकला तसं ते सुळसुळीत कापड सरकत गेलं होतं आणि आवळत गेलं होतं. दोरी असती तर जागची हलली नसती. गाठ मनगटात रुतून बसली होती आणि बोटं फुगली होती, जांभळट. चालू नव्हती. मी नखांनी गाठ उकलायला लागले, निघेना, दातांनी ओढली, निघेना. मावशींनी कात्री आणून दिली. कापड आणि कातडी यांच्या मध्ये माझ्या हातून कात्री शिरेना, तेव्हा मावशींनीच ती माझ्याकडून घेतली. सुटल्यावर मनगटाभोवती लाल खाच उरली होती. मी तेल घेऊन दोन्ही हात चोळत बसले. "बाबा, चुकलं माझं. बाबा, ऐकताय ना? पुन्हा नाही करणार." बोटांत रक्त आलं असावं, त्यांनी ती मिटली आणि उघडली. माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं.

"तुझी बॅच कितीची?"

"सकाळची, बाबा."

"मग आता इथे काय करतेस?"

मला हसू फुटलं. रडूही येत होतं. मावशी पण हसल्या. मी म्हटलं, "आज लवकर सुटलं," आणि ते मान डोलवून म्हणाले, "असं होय." असं वाटलं, की झालं, आले परत. माझे बाबा आले परत, आता काही वेळ राहतील. मी पाणी आणायला उठले नाही, हात सोडला नाही, नुसती तेलाची वाटी ठेवायला दुसरीकडे वळले. त्यांचा दुसरा हात पांघरुणाखाली गेला.

मी पकडला. "बाबा, नको." त्यांनी काढून घेतला, तेलानं निसटलाच तो, आणि पुन्हा आत गेला. पुन्हा धरला. "नको ना. लागेल तुम्हाला." एवढ्याशा म्हाताऱ्या हाताला कुठून जोर येतो कोण जाणे. दोन्ही हातांनी धरावं तर दुसरा हात मोकळा, तो धरावा तर हा. मावशींनी पायाकडून पांघरूण दाबलं. ते ओरडायला लागले, मला, मावशींना, मग आईला, तिला जाऊन किती वर्षं झाली, अशा शब्दांत की मी ते इथे सांगणार नाही. नळीला हिसका बसला. मी त्यांच्या अंगावर ओणवी झाले आणि त्यांनी माझ्या दंडाला चावा घेतला. दात रुतले, सोडेनात. तेव्हा मी ओरडले, "माणसासारखं राहा!" आणि त्यांच्या हातावर फाडकन मारलं. एकदा मारलं. मग पुन्हा मारलं. दुसऱ्या वेळी त्यांनी दात सोडले होते, दुसऱ्याची गरज नव्हती.

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. नळीत लालसर पाणी उतरत होतं, बारीक, मावशींनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "निघाली नाहीये. जागेवर आहे. थोडक्यात वाचलं." बाबा माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते. मी काय करते ते बघत होते, नवीन आलेली पोरं पहिल्या दिवशी बाबांच्या तोंडाकडे बघायची तसे. मावशींनी जमिनीवरच्या ओढणीच्या पट्ट्या उचलल्या, झटकल्या आणि माझ्यापुढे धरल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. दुसरं काही आहे का, असं मी विचारलं नाही. मऊ आहे का, तेही पाहिलं नाही. पट्टी घेतली, उजवं मनगट धरलं, खाच टाळून जरा वर गुंडाळलं आणि दांडीला बांधलं. दंड ठणकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. दुसरी पट्टी घेऊन मी खाटेला वळसा घालून पलीकडे गेले.

बाबांनी डावा हात आधीच पुढे करून ठेवला होता, दांडीला टेकवून, मनगट वर करून.

मावशी म्हणाल्या, "बघा. शिकले की लगेच."

मी गाठ मारली.